भिंतीकडं तोंड केलेला रिपोर्ट

देठ परीक्षणाचा रिपोर्ट आला की मी आधी हात धुतो. मग चष्मा पुसतो, ओट्यावर बसतो आणि कागद मांडीवर पसरून एकेक ओळ वाचतो. ज्यांचा द्राक्षबागेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, वेलीच्या पानांचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवले की वेलीला काय कमी पडतंय, काय जास्त झालंय ते आकड्यांत कळतं. आमच्या निफाड तालुक्यात या कागदाचा मोठा मान. पालाश कमी निघालं की त्याच दिवशी ठिबकमधून पालाश सुटतं. मॅग्नेशियम कमी म्हटलं की मी अर्ध्या जेवणावरून उठून दुकान गाठतो. तीस वर्षांत या कागदानं सांगितलं आणि मी केलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. आणि याच माणसानं स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट फवारणीच्या शेडमध्ये भिंतीकडं तोंड करून टांगला होता. तोही दीड वर्ष.

तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. काढणीनंतर वेल मागं छाटतात ती एप्रिलची खरड छाटणी उरकली होती, हातात थोडी सवड होती. शाळेच्या व्हरांड्यात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. आमच्या गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरून लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवणारी बाई, आमच्याच गल्लीतली. ती दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, चला. बोट टोचायचं नि रगत द्यायचं, बाकी काय नाय." मी टाळत होतो, पण बायको चपला घालून निघालीसुद्धा, म्हणून मागोमाग गेलो. आठवड्यानं रिपोर्ट आले. बायकोचं सगळं ठणठणीत निघालं, आणि खरं सांगतो, मला त्याचाही थोडा रागच आला.

माझा कागद आशाताईनं वेगळा काढून ठेवला होता. एका आकड्याभोवती लाल गोल. "भाऊ, शुगर हाय तुम्हाला. लय हाय. तालुक्याला दाखवून घ्या लवकर." मी कागदाची घडी केली, खिशात घातली. घरी बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, "थोडी हाय म्हणे." मला कुणी काही सांगायला लागलं की आधी राग येतो, मग पटतं, आणि मधल्या वेळात बरंच नुकसान होऊन जातं. हा माझा जुना स्वभाव.

त्याच दुपारी शेडमध्ये फवारणीचं प्रमाण लिहायला कागद हवा होता. सहाशे लिटरच्या टाकीला कोणतं औषध किती, ते मोठ्या अक्षरात लिहून टांगलं की ट्रॅक्टर चालवणाऱ्याची चूक होत नाही. खिशात हात घातला तर रिपोर्ट. जाड, चांगला कागद, पाठीमागून कोरा. मी मार्करनं त्यावर प्रमाण लिहिलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि खिळ्याला लावला. प्रमाण आमच्याकडं, लाल गोल भिंतीकडं. कागद वाया गेला नाही म्हणून मला तेव्हा समाधानसुद्धा वाटलं होतं.

तालुक्याला गेलो नाही असं नाही. तिथल्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या, मूळच्या मालेगावकडच्या. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, चहात साखर नको, गोड बंद, रोज अर्धा तास चाला. मी म्हणालो, "मॅडम, मी दिवसभर बागेतच असतो." त्या म्हणाल्या, "काका, बागेत असता, पण ट्रॅक्टरवर असता ना?" आशाताईनं आधीच चुगली केली असणार. गोळ्या मी इमानेइतबारे घेतल्या. बाकीचं जमलं नाही. छाटणीची टोळी आली की तिच्यासोबत चहा, पाहुणा आला की चहा, शेतीच्या औषधांच्या दुकानात चहा, आणि आमच्याकडं चहात चमचा उभा राहील एवढी साखर घालायची रीत. शिवाय काढणी जवळ आली की मणी चाखणं. द्राक्षवाला ओळीतून चालतो आणि दर चार वेलींना एक मणी तोंडात टाकतो. गोडी मोजायचं यंत्र खिशात असतं, पण विश्वास जिभेवर. त्याला मी खाणं समजतच नव्हतो. ते काम होतं.

आता जे सांगतो ते द्राक्षवालाच करू जाणे. निर्यातीची बाग असली की प्रत्येक औषधाला मुदत असते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस सोडायचे, म्हणजे मण्यात औषधाचा अंश उरत नाही. मग नमुना घेणारा येतो, घड घेऊन जातो, तपासणी होते आणि बाग पास होते. हे गणित माझ्या हाडात भिनलेलं. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली की मी कॅलेंडरवर उलटं मोजायचो आणि दहा दिवस आधी पेन्सिलीनं रेघ मारायचो. रेघेपासून पुढं बिनसाखरेचा चहा, बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि कालव्याच्या कडेनं पायी फेऱ्या. उपाशीपोटीची साखर अगदी छान यायची. डॉक्टर खूश, मी खूश. परतताना पिंपळगावला थांबून पाव किलो जिलेबी.

चिठ्ठीवर त्या दर वेळी आणखी एक तपासणी लिहायच्या, तीन महिन्यांच्या सरासरीची. "काका, ही पण करून या बरं." मी म्हणायचो, पुढच्या टायमाला. एक आकडा चांगला आलाय तर उगाच खोलात कशाला शिरा? बागेच्या बाबतीत कुणी मला असं म्हणालं असतं तर मी त्याला शेडबाहेर काढलं असतं. पण मी काही लबाडी करतोय असं मला वाटत नव्हतं. मला वाटायचं, मी नियम पाळतोय.

त्या दहा दिवसांत बायको किती आनंदात असायची, ते आठवलं की अजून मान खाली जाते. सकाळी लवकर उठून भाकरी थापायची, मेथी निवडून ठेवायची, मी फेरी मारून आलो की ताक हातात द्यायची. "या खेपेला खरंच मनावर घेतलंय तुम्ही," असं म्हणायची आणि शेजारणींना सांगायची. अकराव्या दिवशी मी बशीत जिलेबी काढली की गप्प व्हायची. दर वेळी तिला वाटायचं, माझं मन पुन्हा ढिलं पडलं. मी आधीच रेघ मारून ठेवलेली असते, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर आला. फळाची छाटणी होऊन वीसेक दिवस झालेले, वेलींवर कोवळा फुटवा. परतीच्या पावसानं दोन दिवस झोडपलं आणि तिसऱ्या दिवशीही ढग हटेनात. अशा हवेत डाऊनी येतो. पानावर आधी तेलाचा थेंब पडावा तसा फिकट डाग दिसतो, आणि पान उलटं केलं की पांढरी बुरशी. पहिल्या दिवशी नजरेला पडला तर बाग वाचते, दोन दिवस गेले तर घड कुजतात. तो डाग हेरण्यात आमच्या शिवारात माझा हात धरणारा कुणी नव्हता. शेजारचे शेतकरी फोन करून बोलवायचे, "जरा येऊन नजर टाका." त्या सकाळी मी सगळा प्लॉट फिरलो, बाग स्वच्छ आहे म्हणून जाहीर केलं आणि शेडसमोर चहा घेत बसलो.

बायको सातव्या ओळीत जास्तीचे फुटवे काढत होती. तिथून हाक आली. "अहो, इकडं या जरा. हे काय हे?"

"काय झालं?"

"डाग हे ना हे?"

मी पान पाहिलं. "कुठंय? पाणी असंल."

तिनं पान उलटं केलं. "आन हे पांढरं?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पानाची कड दिसत होती, शिरा दिसत होत्या. पण तिनं बोट ठेवलं होतं तिथं नुसतं धुरकट. ओल्या हातानं काच पुसली की फराटा उरतो तसं. मी उजवा डोळा मिटून पाहिलं, तर तिच्या बोटाचं टोकच दिसेना. आता ती पानाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"तुम्हाला दिसू नाय राहिलं?"

"दिसतंय की."

"मग किती डाग हायेत, सांगा."

मला सांगता आलं नाही. मी भ्यालो, सरळ सांगतो, लहान पोरासारखा भ्यालो. ज्याला पानावरचा डाग दिसत नाही तो बागेत कशाला हवा, हा एकच विचार. आम्ही अर्थातच आधी बाग फवारली. तीन ओळींतले घड गेले, बाकीचे वाचले. टाकी रिकामी झाल्यावर बायको पदराला हात पुसत म्हणाली, "बागंचं झालं. आता तुमचं."

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि या वेळी सरासरीच्या तपासणीचं रक्त स्वतःसमोर घ्यायला लावलं. तो आकडा आला तेव्हा त्यांनी माझे जुने उपाशीपोटीचे रिपोर्ट आणि हा नवा रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "काका, यातलं खरं कोणतं?"

मी सांगून टाकलं. कॅलेंडर, रेघ, दहा दिवस, औषधाची मुदत, नमुना, सगळं. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दोन शंकाही विचारल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला दर वेळी सँपल दिलं, काका. बाग दाखवलीच नाही."

बायको शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती. घरी येऊन मोटारसायकलवरून उतरली तेव्हा म्हणाली, "ते दहा दहा दिवस मी लय खूश असायचे. ते बी खोटंच होतं का?"

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव झालाय, सूजही आहे. लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. "गेलेली नजर सगळी परत येईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "साखर आवरलीत तर उरलेली टिकेल." या वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे.

डोळ्याला पट्टी होती तेव्हा फवारणीचं बायकोनं पाहिलं. प्रमाण बघायला शेडमध्ये गेली आणि तो कागद हातात घेऊनच घरी आली. प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला, उलटा केलेला. लाल गोल अजून तसाच होता. तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही तर थोडी हाय म्हणले होते." आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, आणि विषय तिथंच संपला असता. तिनं चष्मा पुढं केला. मी एका डोळ्यानं पहिल्यांदा तो रिपोर्ट पूर्ण वाचला. सगळं त्यात लिहिलेलं होतं. डोळे तपासून घ्या, हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये परत लागला. माती परीक्षण आणि देठ परीक्षण यांच्या मधोमध, तोंड आमच्याकडं. प्रमाणाचा तक्ता बायकोनं दुसऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवला होता. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर टपोरं. मग तिनं बागेची वही पुढं ओढली. निर्यातीच्या बागेत रोज काय सोडलं, काय फवारलं त्याची नोंद ठेवावी लागते आणि ती नोंद मी लग्नाच्या दिवशीसुद्धा चुकवली नसती. तिनं नवं पान उघडलं. "बागंचं लिहिल्याबिगर तुम्हाला जेवण जात नाय. आता हे बी लिहायचं." डावीकडं बाग, उजवीकडं मी. चहा दोन, बिनसाखरेचे. मोठ्या प्लॉटला चार फेऱ्या, पायी. जेवणात काय. गोळी कधी.

पंधरा दिवस मी तिच्याशी भांडलो. एकदा दोन फेऱ्या मारून चार लिहिल्या. तिनं वही वाचली आणि म्हणाली, "विहिरीवरून दोनच दिसल्या." तणतणत उरलेल्या दोन मारल्या. पण वहीतली खोटी नोंद मला सहन होत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तिनं नेमकं तेच धरलं. पुढं कामाला आलेल्या सुरगाण्याकडच्या टोळीतल्या बायकांनी माझा बिनसाखरेचा चहा पाहून खूप हसून घेतलं. पण दुपारी त्यांची मुकादमीण आपल्या फडक्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी माझ्या पुढ्यात ठेवायची आणि माझ्या डब्यातली पोळी घ्यायची. ती अदलाबदल टोळी परत जाईपर्यंत चालली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

खरी परीक्षा जानेवारीत आली. मणी भरले, त्यांत पाणी उतरून गोडी यायला लागली आणि माझा हात आपोआप घडाकडं गेला. बायको मागून म्हणाली, "थांबा. मी चाखते." मला हसू आलं. तिनं मणी तोंडात टाकला, थोडं थांबली आणि म्हणाली, "अजून चार दिवस." मी यंत्र काढून दोन थेंब टाकले. चारच दिवस बाकी होते. पुढच्या ओळीत म्हणाली, "हे उद्या चालतील." यंत्रही तेच म्हणालं. तीस वर्षं ती माझ्या मागच्या ओळीत काम करत होती आणि द्राक्ष कसं लागतंय हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या हंगामापासून आमच्या बागेची काढणी तिच्या जिभेवर ठरते.

मे महिन्यात सरासरीची तपासणी केली. कॅलेंडरवर रेघ नव्हती. आकडा चांगलाच उतरला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि रिपोर्ट माझ्याकडं न देता बायकोच्या हातात दिला. उजवा डोळा बराच निवळलाय. डाव्यात फराटा आहे, तो राहणार.

त्याच महिन्यात शाळेत पुन्हा शिबिर लागलं. आशाताईनं मला टेबलाशेजारी खुर्ची दिली. "भाऊ, तुम्ही सांगा लोकांला, माझं कोण ऐकतंय?" रिपोर्ट पाहून माणूस सुधारतो का, असं तिनं मला नंतर विचारलं. मी तरी सुधारलो नव्हतो. दीड वर्ष मी रोज त्या कागदाची पाठ तेवढी वाचत होतो. म्हणून मी लोकांना आकड्याचं काही सांगत नाही. एवढंच विचारतो, कागद कुठं ठेवणार? एक जण म्हणाला, गाडीच्या कप्प्यात. मी म्हटलं, "देठाचा रिपोर्ट जिथं लावतोस तिथं लाव. आन घरी पूर्ण वाचून दाखव, थोडी हाय म्हणू नको."

आणि आता हा गेलेला ऑक्टोबर. तसाच पाऊस, तसेच ढग. मी चौथी फेरी मारत होतो, पायी, एकेक पान उलटं करत. नवव्या ओळीत मधल्या वेलीवर उजव्या डोळ्याला काहीतरी खटकलं. तेलाचा थेंब. पान उलटं केलं, पांढरं. शेजारच्या पानावर दुसरा. मी ओरडलो, "अगं, डाऊनी! लवकर ये!"

ती त्याच ओळीच्या टोकाला, दहा पावलांवर उभी होती. हातात काही काम नव्हतं.

"किती हायेत?" तिनं तिथूनच विचारलं.

"तीन. खालच्या पानावर अजून एक. चार."

ती जवळ आली नाही. पदर डोळ्यांना लावून तिथंच थांबली. "मला दिसले होते मघाशी," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत्यात का, ते बघू राहिले होते."

"आन मला दिसलेच नसते तर?"

"हाक मारली असती." तिनं नाक पुसलं. "चला, टाकी भरा आता. उभं काय राहिले?"